मुलीचं कोपर पूर्ण वाकत नाही, पण दुखतही नाही. ऑपरेशन करावं का?

पत्राचा सारांश: सहा वर्षांच्या एका मुलीच्या आईने हे पत्र लिहिलंय. दोन महिन्यांपूर्वी मुलगी घसरगुंडीवरून डाव्या हातावर पडली. त्याच दिवशी कोपराचा एक्स-रे काढला. 'फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे' असं सांगून डॉक्टरांनी हात दोन आठवडे झोळीत ठेवायला लावला. सूज उतरली, दुखणं थांबलं, मुलगी पूर्वीसारखी खेळू लागली. पण डाव्या हाताची बोटं डाव्या खांद्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि कोपराच्या घडीत बाहेरच्या अंगाला काहीतरी टणक हाताला लागतं. दुसऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून 'रेडियसचं डोकं पुढे निखळलंय, अल्ना थोडं वाकलंय, ऑपरेशन लागेल, फार थांबू नका' असं सांगितलं. (रेडियस आणि अल्ना ही कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं; डोकं म्हणजे रेडियसचं कोपराकडचं टोक.) तिसऱ्या डॉक्टरांच्या मते हे जन्मापासूनचं असू शकतं आणि दुखत नसेल तर हात लावू नये. आईच्या बहिणीच्या मुलाचा हात दोन वर्षांचा असताना असाच निखळला होता, तो डॉक्टरांनी एका झटक्यात बसवला होता. मग हिचा तसा का बसत नाही? वर्षभर वाट पाहिली तर हाड वाढताना आपोआप जागेवर येईल का? आणि हे आमच्या लक्षात आधी का आलं नाही?

'तिला दुखत नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा आलंय, आणि थांबावं की नाही हा तुमचा सगळा विचार त्यावरच टेकलाय. म्हणून तिथूनच सुरुवात करते. सांध्याभोवतीच्या ज्या मऊ भागांना मार बसतो, ते काही आठवड्यांत भरून येतात. सांधा जागेवर असो वा नसो, ते भरून येतातच. त्यामुळे दुखणं थांबलं याचा अर्थ एवढाच, की मार भरून आला. हाड कुठे आहे हे कळतं हालचालीवरून आणि एक्स-रेवरून. हात खांद्याला लागत नाही ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही ओझरती लिहिलीय. रेडियसचं डोकं पुढे सरकलं असेल तर कोपर वाकवताना ते दंडाच्या हाडाला अडतं आणि हात अर्ध्यावर थांबतो. तुम्हाला घडीत जे टणक लागतं ते बहुधा तेच आहे.

मी एक्स-रे पाहिलेला नाही, मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण तुम्ही दिलेलं वर्णन एका ओळखीच्या, आणि वारंवार नजरेतून सुटणाऱ्या दुखापतीशी जुळतं.

आधी तुमच्या भाच्याबद्दल, कारण त्या आठवणीने घरातल्या सगळ्यांचीच दिशाभूल होतेय असं मला वाटतं. एक ते चार वर्षांच्या मुलांचा हात कुणी वर उचलताना किंवा ओढताना कोपरापाशी एक अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, रेडियसच्या डोक्यावरून किंचित घसरतो. मूल हात अंगाशी धरून ठेवतं, वापरत नाही. सूज नसते, एक्स-रेत काही दिसत नाही, आणि नेमकं ओढल्याचंच कारण असेल तर बहुतेकदा एक्स-रेची गरजही नसते. जाणकार डॉक्टर तळवा जमिनीकडे वळवून हात फिरवतात, बारीक 'टक' जाणवतं आणि थोड्याच वेळात मूल खेळणं उचलतं. हा खरा निखळलेला सांधा नव्हेच. पाच वर्षांनंतर तो अस्थिबंध जाड आणि घट्ट होतो, त्यामुळे हा प्रकार क्वचित दिसतो. तुमची मुलगी सहा वर्षांची, हात ओढला गेला नव्हता तर ती पडली होती, आणि सूजही होती. तीनही गोष्टी वेगळ्या आहेत. ज्यांच्या घरात अशी लहान मुलं आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मूल पडलं असेल किंवा कोपर सुजलं असेल तर एक्स-रेआधी कुणालाही हात पिरगाळू देऊ नका.

आता तुमच्या मुलीच्या कोपराकडे येते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. रेडियसचं वरचं टोक, म्हणजे त्याचं डोकं, गोल असतं आणि माथ्यावर जरासं खोलगट असतं. दंडाच्या हाडाच्या गोलसर उंचवट्यावर ते टेकतं आणि एक गोल अस्थिबंध त्याला अल्नाला धरून ठेवतो. ही दोन हाडं वर आणि खाली एकमेकांना बांधलेली असतात, मधेही एक चिवट पडदा असतो. म्हणून त्यातलं एक मोडलं किंवा वाकलं, की दुसऱ्याला एकतर मोडावं लागतं नाहीतर टोकाशी जागा सोडावी लागते. अल्नाला इजा आणि रेडियसचं डोकं निखळलेलं, या जोडीला डॉक्टर मॉन्टेजियाची दुखापत म्हणतात.

मुलांमध्ये हे चटकन का निसटतं? मोठ्यांचं हाड मोडतं तेव्हा एक्स-रेत भेग स्पष्ट दिसते. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, ते न मोडता नुसतं वाकू शकतं. अल्नाला अशी बाक आली तर भेग कुठेच नसते, 'फ्रॅक्चर नाही' हा शेरा शब्दशः खरा ठरतो, आणि वर निखळलेलं डोकं मात्र कुणी पाहत नाही. त्यात मुलांच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न बनलेल्या लवचिक भागाचा, असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. हाडाची केंद्रं वयानुसार एकेक करून दिसू लागतात: साधारण 1, 3, 5, 7, 9 आणि 11 अशा वर्षांच्या टप्प्यांनी. अशा चित्रात काय जागेवर आहे आणि काय नाही हे ओळखायला सवयीची नजर लागते.

त्यासाठी दोन साध्या रेषा आहेत, आणि त्या तुम्हाला सांगायला मला काहीच हरकत वाटत नाही. पहिली रेडियसच्या मानेतून वर काढायची. कोणत्याही कोनातून काढलेल्या एक्स-रेत ती दंडाच्या हाडाच्या त्या गोल उंचवट्यातूनच जायला हवी. एकाही चित्रात ती बाजूने गेली तर सांध्यावर शंका घ्यायची. दुसरी रेषा हाताच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत अल्नाच्या मागच्या कडेवर ठेवायची. ती कड जवळजवळ सरळ असते. रेषेपासून 1 मिलिमीटरहून जास्त अंतर पडलं तर हाड वाकलेलं असू शकतं. यासाठी कोपराचा अगदी बरोबर बाजूने घेतलेला एक्स-रे हवा, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा पूर्ण हातही चित्रात हवा. तुमच्याकडे पहिल्या दिवशी फक्त कोपराचा एक्स-रे निघाला होता, तोही कोणत्या कोनातून हे पत्रात नाही.

तो पहिला एक्स-रे आधी मिळवा. माझ्या मते या घडीला तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा कागद तोच आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी घेतलेली शंका अगदीच निराधार नाही. काही मुलांमध्ये रेडियसचं डोकं जन्मतःच जागेवर नसतं, एखाद्या किरकोळ पडण्यानंतर एक्स-रे काढला की ते पहिल्यांदा दिसतं आणि दोष त्या पडण्यावर जातो. अशा मुलांचं ऑपरेशन करून डोकं बसवण्याच्या प्रयत्नाचा सहसा फायदा होत नाही. म्हणून हा प्रश्न ऑपरेशनच्या तारखेआधी सुटायलाच हवा.

तो सोडवता येतो. जन्मजात प्रकार बऱ्याचदा दोन्ही कोपरांत असतो, म्हणून उजव्या कोपराचाही एक्स-रे काढायला सांगा. त्यात डोकं बहुतेक वेळा मागच्या बाजूला गेलेलं असतं, तुमच्या मुलीचं पुढे आलंय. त्यात डोक्याचा माथा खोलगट राहत नाही, घुमटासारखा फुगीर होतो, आणि दंडाच्या हाडावरचा उंचवटा लहान, चपटा राहतो. नुकत्याच दुखापतीने निखळलेलं डोकं मात्र खोलगटच असतं. एक सावधगिरी इथे आहे: दुखापत खूप जुनी झाली की तेही डोकं हळूहळू घुमटासारखं होतं, आणि मग दोन्हींत फरक करणं अवघड जातं. दोन महिन्यांत तेवढा बदल होत नाही. पहिल्या एक्स-रेतली अल्नाची बाक, डोक्याचा आकार आणि उजवं कोपर, एवढं शेजारी शेजारी ठेवलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. आणखी एक गोष्ट तुम्ही घरबसल्या करू शकता. पडण्याआधीचे फोटो आणि व्हिडिओ पाहा. मुलगी डावा हात कानाला, खांद्याला किंवा तोंडाशी नेताना कुठे दिसली, तर कोपर तेव्हा पूर्ण वाकत होतं याचा तो धडधडीत पुरावा आहे. ती क्लिप डॉक्टरांना दाखवा.

'हाड वाढताना आपोआप जागेवर येईल' या आशेबद्दल. ही आशा चुकीच्या ठिकाणी लावलेल्या खऱ्या माहितीतून आलीय. मुलांच्या मोडलेल्या हाडात राहिलेला थोडाफार बाक वाढीबरोबर खरोखरच सरळ होतो. पण निखळलेला सांधा वाढीबरोबर बसत नाही. रेडियसचं डोकं आणि दंडाच्या हाडाचा उंचवटा एकमेकांच्या स्पर्शातच घडत जातात. तो स्पर्श तुटला की दोघांचाही आकार बिघडत जातो, आणि नंतर डोकं जागेवर आणलं तरी ते नीट बसत नाही.

मग काहीच न करता सोडलं तर काय होईल? इथे तुम्हाला कुणी एकच भीतिदायक चित्र रंगवून दाखवलं तर ते अर्धसत्य असेल. काही माणसं अशा कोपरासह वर्षानुवर्षं विनातक्रार जगतात. पण बऱ्याच जणांमध्ये वाकण्याची अडचण कायम राहते, हात कोपरातून बाहेरच्या बाजूला झुकत जातो, सांधा अस्थिर होतो, मोठेपणी झीज आणि वेदना सुरू होतात. कधीकधी कोपराजवळच्या नसेवर उशिरा ताण येऊन बोटांची ताकद जाते. तिच्या वाट्याला यातलं काय येईल हे आज सांगता येत नाही. पण सहाव्या वर्षी, दुखापतीनंतर दोन महिन्यांनी, डोक्याचा आकार अजून चांगला असताना केलेली दुरुस्ती आणि तीच बाराव्या वर्षी केलेली दुरुस्ती यांत फार फरक आहे. सर्वसाधारणपणे वय साधारण 12 वर्षांच्या आत आणि दुखापतीला 3 वर्षांहून कमी काळ झालेला असेल तर निकाल अधिक चांगले येतात. ही शेवटची मर्यादा आहे. तोवर थांबायला हरकत नाही असा तिचा अर्थ काढू नका. जितकं लवकर, तितकं ऑपरेशन लहान.

त्यामुळे दोन-तीन आठवडे घेऊन लहान मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या 'फार थांबू नका' मुळे घाबरून उद्याच तारीख घेऊ नका. पण दुखापत हेच कारण ठरलं, तर वर्षभर थांबण्याच्या बाजूने मला एकही चांगलं कारण दिसत नाही.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत निदान झालं असतं तर भूल देऊन, अल्ना बाहेरूनच सरळ करून, डोकं बसवून साधारण सहा आठवडे प्लास्टर घालण्यावर बहुधा भागलं असतं. अल्ना पूर्ण तुटलेलं असेल तर आतून तार किंवा प्लेट लागते. आता दोन महिन्यांत वाकलेलं हाड तसंच पक्कं झालंय आणि सांध्याच्या रिकाम्या जागेत चिवट ऊती भरलीय. म्हणून आता अल्ना कापून त्याची बाक काढायची, बहुतेकदा थोडी उलट बाजूला द्यायची, गरज पडली तर लांबी वाढवायची, आणि ते प्लेटने पक्कं करायचं. मूळ दोष अल्नात आहे, ते दुरुस्त झालं की डोक्याला परतायला जागा मिळते. काहींमध्ये तेवढ्यावर भागतं. काहींमध्ये सांधा उघडून आतली ऊती काढावी लागते. तुटलेला गोल अस्थिबंध शिवायचा की नवा करायचा, यावर अनुभवी सर्जनांमध्येही मतभेद आहेत, त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली तर गोंधळून जाऊ नका. नंतर काही आठवडे प्लास्टर, आणि पुढे व्यायाम.

धोके आहेत. डोकं पुन्हा सरकू शकतं. तळवा खाली वळवण्याची हालचाल थोडी कमी होऊ शकते. कापलेलं हाड जुळायला वेळ लागू शकतो. रेडियसच्या मानेजवळून जाणाऱ्या नसेला ताण बसून बोटं आणि अंगठा वर उचलणं काही काळ कमजोर होऊ शकतं. हे बहुतेकदा काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतं. सर्जनना सरळ विचारा: अशी जुनी प्रकरणं तुम्ही किती हाताळलीत? डोक्याचा माथा अजून खोलगट आहे का, एमआरआय लागेल का? सांधा उघडायचा की नाही हे तुम्ही कधी ठरवणार? पुन्हा सरकलं तर पुढचा बेत काय? या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरांकडे ऑपरेशन करू नका. हे ऑपरेशन त्या सर्जनने आधी वारंवार केलेलं असणं फार महत्त्वाचं आहे.

मधल्या काळात मालीश, शेक, आणि जोर लावून कोपर वाकवायचा व्यायाम, हे तिन्ही बंद. हाड आडवं आलेलं असताना जोर लावून हालचाल वाढत नाही. उलट दुखावलेल्या स्नायूत नको तिथे हाड तयार होऊन सांधा आणखी आखडू शकतो. तिला तिच्या तिने हात वापरू द्या. उंचावरून पडण्यासारखे खेळ तेवढे टाळा.

'आमच्या लक्षात आधी का आलं नाही' हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलाय, पण तो सगळ्या पत्रात पसरलेला आहे. या दुखापतीला ज्यांचं नाव आहे, त्या मिलानच्या जोवान्नी बत्तिस्ता मॉन्टेजिया यांनी 1814 साली तिचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा आणखी 81 वर्षं होती. त्यांनी स्वतःच एका मुलीची हकीकत खेदाने नोंदवलीय: महिनाभर पट्टी बांधून ठेवल्यावर पाहिलं, तर रेडियसचं डोकं निखळलेलंच होतं. तुम्ही पडल्याच्या दिवशीच मुलीला दवाखान्यात नेलं, सांगितल्याप्रमाणे हात झोळीत ठेवला, आणि वाकण्यातला फरक दिसल्यावर स्वतःहून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात. आईने करायचं ते सगळं झालंय. पहिल्या डॉक्टरांवरचा राग मी समजू शकते, त्याबद्दल रीतसर विचारणा करायचा तुम्हाला हक्कही आहे. मात्र तो कागदोपत्री व्यवहार मुलीच्या उपचाराच्या आड येऊ देऊ नका. आधी एक्स-रेची प्रत मागा, भांडण नंतर.

हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. मुलांच्या कोपराच्या दुखापतींत संपूर्ण कोपर निखळण्याचं प्रमाण साधारण 3 ते 6 टक्के असतं, आणि ते बहुतेक किशोरवयाच्या उंबरठ्यावर, हात पसरून पडल्यावर, मागच्या दिशेने निखळतं. पुढे, आत किंवा बाहेर निखळणं त्याहून विरळ. त्याहूनही विरळ म्हणजे दोन्ही हाडं एकमेकांपासून फाकून दंडाचं हाड मधे घुसणं, किंवा रेडियस आणि अल्ना यांनी आपापसांत जागा बदलणं. हा शेवटचा प्रकार इतका फसवा असतो की चित्र पहिल्या नजरेत ठीक वाटतं. तळवा मात्र वर वळत नाही. संपूर्ण कोपर निखळलं तर आकार उघड बिघडलेला दिसतो. हात आहे त्या स्थितीत फळीने किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राने आधार देऊन बांधा, भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला देऊ नका आणि लगेच निघा. बोटं गार किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा हळूच सरळ करतानाही असह्य दुखू लागली तर रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. तिथे तासांना किंमत आहे.

असं कोपर बसवल्यानंतरचा एक्स-रे आवर्जून मागा. कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा लहान तुकडा निखळताना कधीकधी उखडतो आणि सांध्यातच अडकून बसू शकतो. तो राहिला तर हालचाल कायमची अडते, आणि काढायला ऑपरेशनच लागतं. नुसतं कोपर निखळलं असेल, हाड मोडलेलं नसेल, तर सहसा दोन ते तीन आठवड्यांनंतर हात मोकळा करतात, कारण जास्त बांधून ठेवलं की कोपर आखडतं. शेवटचे काही अंश सरळ न होणं पुष्कळांत राहतं आणि रोजच्या कामात ते जाणवतही नाही. मॉन्टेजियाची दुखापत वेळेत सापडून प्लास्टर घातलेलं असेल, तर पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे व्हायला हवा. प्लास्टरच्या आत डोकं पुन्हा सरकलं तर ते बाहेरून कळत नाही.

तुमच्यासाठी या आठवड्यातली कामं: पहिला एक्स-रे, उजव्या कोपराचा एक्स-रे, जुने व्हिडिओ, आणि लहान मुलांच्या हाडांच्या सर्जनची वेळ. तिथे जाल तेव्हा मुलीला आठवणीने अंगठा वर करायला, बोटं फाकवायला आणि चिमूट पकडायला सांगा आणि डॉक्टरांकडून ते कागदावर लिहून घ्या. तीन नसा आज कशा आहेत याची ती नोंद असते, आणि ऑपरेशननंतर काही कमजोरी दिसली तर ती नवी की जुनी हे त्यावरूनच ठरतं. ऑपरेशन ठरलंच, तर मुलीलाही दोन-तीन दिवस आधी सांगा: झोप लागेल, उठल्यावर हाताला प्लास्टर असेल, थोडं दुखेल, औषध मिळेल, आणि प्लास्टर निघाल्यावर हात लगेच वाकणार नाही, हळूहळू वाकेल. सहा वर्षांच्या मुलीला एवढं समजतं.